बंब किती जळतण खातो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला घरातल्या एखाद्या उपयोगी विषयावर बोलायला सांगितले. पाककृती, विणकाम, मुलांचे संगोपन हे विषय दरवर्षी होतात, आणि ते माझ्यापेक्षा चांगले सांगणाऱ्या बाया इथे बसल्या आहेत. म्हणून मी न्हाणीतला विषय निवडला. आपल्या किनवटची थंडी तुम्हाला मी काय सांगावी? भोवती सागाचे जंगल, जवळ पैनगंगा. पौषात पहाटे अंगणात पाऊल टाकवत नाही. अशा दिवसांत बंब पेटल्याशिवाय घर हलत नाही.

चुलीच्या धुराबद्दल आजवर पुष्कळ बोलले गेले. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गरिबाघरी गॅसची टाकी पोचली. चांगलेच झाले. पण मी आपल्या गल्लीत पाहते, गॅस आला तरी बंब लाकडावरच राहिला आहे. भाकरी गॅसवर आणि अंघोळ सरपणावर! अंघोळीला गॅस जाळणे आपल्याला उधळपट्टी वाटते आणि लाकूड फुकटचे वाटते. ते फुकट आहे की नाही, हे पाहावे म्हणून मी मागच्या हिवाळ्यात एक ताणकाटा आणला आणि पंधरा दिवस बंबाचे जळतण तोलून घातले.

आमच्या घरी सहा माणसे. रोज सरासरी साडेचार किलो लाकूड जळाले. म्हणजे थंडीच्या चार महिन्यांत साडेपाच क्विंटलच्या आसपास. एवढे लाकूड एका जागी रचून पाहिले तर घरातली माणसे बंबाला फुकट म्हणणार नाहीत.

आता पाण्याला खरी उष्णता किती लागते ते पाहू. हा हिशेब शाळेतल्या गुणाकाराचाच आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. सहा माणसांना पंधरा पंधरा लिटरची एकेक बादली, म्हणजे नव्वद लिटर. थंडीत टाकीतले पाणी वीस अंशांचे धरा आणि अंगावर घ्यायचे बेचाळीस अंशांचे. बावीस अंश गुणिले नव्वद, दोन हजारांना थोडे कमी. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण चार हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे अर्धा किलो लाकूड पुरायला हवे! आणि बंब खातो साडेचार किलो. नऊ वाटे जाळावे तेव्हा एक वाटा अंगावर येतो.

बाकीचे आठ वाटे जातात कुठे? पुष्कळसे धुराड्यातून वर जातात. बंबाच्या मधल्या नळीला आतून काजळी धरते आणि पाण्याच्या बाजूने बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो. तांब्यासारखी उष्णता चटकन वाहून नेणारी धातू दोन्हीकडून अशी गोधडी पांघरून बसली, तर तिचा उपयोग काय? ओले लाकूड घातले तर आधी त्याच्यातलेच पाणी उकळावे लागते. आणि कुणी उठो न उठो, बंब खळखळत राहतो. शेवटी उरलेले पाणी तसेच निवते.

ज्यांना बंब ठेवायचाच आहे त्यांनी एवढे करावे. नळीची काजळी आठवड्याला खरवडावी. आतला क्षार चिंचेच्या कोळाने सोडवावा. लाकूड बारीक फोडून, उन्हात वाळवून घालावे, आणि राखेची जाळी मोकळी ठेवावी म्हणजे वारा खालून लागतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या चटकन पेटतात, पण लगेच संपतात आणि माणसाला बंबापुढून हलू देत नाहीत. एवढे केल्यावर आमच्या घरचा आकडा साडेचारावरून सव्वातीनवर आला. त्याखाली येईना.

या हिशेबात एक गोष्ट ताणकाट्यावर चढत नाही. पाचला उठून बंब पेटवते कोण? फुंकते कोण? जंगलाकाठच्या वाडीतून डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला येते, तीही बाईच. घरात आधी पुरुषमाणसे न्हातात, मग मुले, आणि शेवटची बादली पेटवणारीच्या वाट्याला येते, तीही कोमट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. खोकला आला की आपण हवापालटाचे नाव घेतो, धुराचे घेत नाही.

तर बंब बदलायचा. पण कशाने?

विजेचा गीझर घेतला तर आमच्या नव्वद लिटरला अडीच ते तीन युनिट वीज लागते. घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ताऱ्यांचे लेबल पाहावे. जास्त तारे म्हणजे टाकीतले पाणी नुसते उभे असताना उष्णता कमी गळते. अर्थिंग नीट आहे की नाही ते वायरमनकडून तपासून घ्यावे. बादलीत सोडायचा रॉड स्वस्त पडतो, पण बटण चालू असताना पाणी किती तापले ते बोट बुडवून पाहण्याची सवय जिवावर बेतते. लेकरे असतील त्या घरात तो नसावा.

गॅसच्या गीझरला पाणी झटकन तापते, वीज गेली तरी बहुतेक चालतो, आणि अंघोळीपुरता वापरला तर एक टाकी सहा माणसांना सुमारे दोन महिने पुरते. हिशेबाला हा चांगला. पण बायांनो, हा न्हाणीच्या आत लावू नका. दार बंद, खिडकी बंद, थंडी म्हणून फटीलाही फडके, अशा न्हाणीत गॅस जळू लागला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात प्राणवायूची जागा तो आधी धरून बसतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय गळतात, आणि कडी काढायचे त्राणही उरत नाही. दर हिवाळ्यात अशी बातमी वर्तमानपत्रात येते. गीझर न्हाणीबाहेर उघड्यावर बसवावा, नळी तेवढी आत न्यावी. कुणाला गरगरले तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि लागलीच दवाखान्यात न्यावे.

हाच वायू निखाऱ्यातूनही निघतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेतात. वारा लागू नये हा हेतू चांगला, पण त्या कोंडलेल्या खोलीत ओली बाळंतीण आणि आठ दिवसांचे लेकरू असते. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून द्यावा आणि झोपायच्या आधी शेगडी अंगणात न्यावी. वडीलधाऱ्या बायांनी हे ऐकले तर सुनांना सांगायला सोपे जाईल.

आमच्या घरी शेवटी सौर बंब आला. एक विक्रेता सहा माणसांना तीनशे लिटरचाच लागतो म्हणून अडून बसला होता. मी त्याच्यापुढे नव्वद लिटरचा कागद ठेवला. सौर बंबातले पाणी कढत असते, त्यात थंड मिसळावे लागते, मग तीनशे कशाला? दीडशे लिटरचा घेतला. भांड्यांना आणि आल्या-गेल्या पाहुण्यालाही तो पुरतो. आधी जळतण मोजले नसते तर दुप्पट पैसे मोजावे लागले असते.

त्याच्याही तऱ्हा आहेत. तोंड दक्षिणेला हवे आणि कडुलिंबाची सावली नको. थंड पाण्याची टाकी त्याच्यापेक्षा उंच हवी, नाहीतर पाणी चढत नाही. आमच्याकडे काचेच्या नळ्यांचा आहे. क्षाराच्या पाण्याला तो बरा पडतो. पण आपल्या गावात वानरांचा उपद्रव तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून वर तारेची जाळी ठोकून घेतली. उन्हाळ्यात पाणीटंचाईने टाकी कोरडी पडली तर तापलेल्या नळ्यांत भर दुपारी थंड पाणी सोडू नये, काच तडकते. पोते किंवा जाड कापड झाकून ठेवावे आणि दिवस मावळल्यावर भरावे. दुपारचे पाणी भाजण्याइतके तापते, म्हणून बादलीत आधी थंड, मग गरम. सकाळी नळीतले पहिले पाणी गारच येते. ते सांडू न देता भांड्यांना घ्यावे. आषाढ-श्रावणात ढग दाटले की आतली विजेची कॉइल तासभर लावावी लागते.

अजून एक. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेचे नाव ऐकून पुष्कळ जणी विचारतात. ती योजना छतावर वीज तयार करण्याची आहे, पाणी तापवण्याची नव्हे. दोन्हींचा घोटाळा करून कुणी अर्जाचे पैसे मागितले तर देऊ नका.

पत्र्याचे घर, भाड्याची खोली, हातात रोख नाही, असेही प्रसंग असतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे बंब तरी साफ ठेवावा. आणि ज्या बंब काढतील त्यांनी तो मोडीत देताना समोर तोलून घ्यावा, तांब्याच्या भावाने द्यावा. मोडवाले जुने तांबे पितळेच्या भावाने मागतात. आमचा बंब सासूबाईंनी विकू दिला नाही. आता तो माळवदावर आहे आणि त्यात धान्य भरले आहे.

आपला बंब किती खातो हे कुणाला पाहायचे असेल तर ताणकाटा माझ्याकडे आहे, घेऊन जा. पंधरा दिवस तोला आणि पुढच्या सभेला आकडे घेऊन या. फक्त दर गुरुवारी तो मला दळण तोलायला लागतो, तेवढा त्या दिवशी परत पाठवा.