पोराची आठवण, पोराचं चित्र

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले बोलणे)

बचतीचा आणि हप्त्यांचा विषय झाला. आता दहा मिनिटं पोरांबद्दल बोलू.

पोराला कोरा कागद दिला की काय निघतं? दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. रावेरचं पोर असो की साक्रीचं, चित्र तेच. दारात केळी आहे, कपाशी आहे, पण कागदावर नारळ येतो! पोराला वाटतं, चित्र म्हणजे पुस्तकातलं. आपल्या घरात चित्र काढण्यासारखं काही नाही. ही समजूत मला काळजीची वाटते.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेत, चूल, जातं, माहेर, यांवरच त्यांनी ओव्या-कविता रचल्या. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. का निघालं? घरातल्या माणसांनी ऐकलं आणि टिपून ठेवलं म्हणून. पोरांच्या आठवणींनाही असा ऐकणारा लागतो.

कोणी म्हणेल, चित्रानं काय होतं? हायस्कूलची मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा देतात. त्यात स्मरणचित्र असतं. समोर वस्तू नसते, विषय मिळतो आणि आठवून काढायचं. इंटरमिजिएट पास झाल्यावर दहावीला वाढीव गुणही मिळतात.

आता घरी कसं करायचं ते सांगते. तुम्हाला चित्र येत नसलं तरी चालेल. तुमचं काम फक्त विचारायचं.

पहिलं, आठवण छोटी निवडा. "कानबाईचा सण काढ" म्हटलं तर पोर गोंधळतं. हिवाळ्यात शेतात भरीत केलं होतं ना? त्यातला एकच क्षण घ्या. समजा, आजी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतेय.

दुसरं, प्रश्न विचारा. तू कुठे उभा होता? आजीच्या जवळ कोण होतं? धूर कोणाकडे जात होता? ऊन होतं की अंधार पडला होता? पोर बोलायला लागलं की मध्ये बोलू नका.

तिसरं, लगेच मोठा कागद देऊ नका. पाठकोऱ्या कागदावर काडेपेटीएवढ्या तीन चौकटी आखायला सांगा. एकीत आजी मोठी आणि शेत मागे लहान. दुसरीत सगळी माणसं गोल बसलेली. तिसरीत फक्त जाळ, वांगी आणि आजीचे हात. कोणती चौकट आठवणीसारखी वाटते, ते पोरानंच ठरवायचं. काय गाळायचं तेही त्यानंच सांगायचं.

चौथं, निवडलेली चौकट मोठ्या कागदावर पेन्सिलीनं हलकी उतरवायची. रंग सगळ्यात शेवटी.

आजी झोपडीपेक्षा मोठी निघाली तर "असं असतं का?" म्हणू नका. त्याच्या आठवणीत ती तेवढीच मोठी आहे.

एक गोष्ट जपून करायची. प्रत्येक आठवण आनंदाची नसते. वादळात आडवी झालेली केळीची बाग पोरांनीही पाहिलेली असते. घरातली भांडणं, ऊसतोडीला गेलेली आई, हेही त्यांच्या मनात असतं. असं काही कागदावर आलं तर "हे काय काढलं, चांगलं काढ" म्हणू नका. जवळ बसा. सांगायचं असेल तर ते सांगेल, नसेल तर खोदून विचारू नका. आणि ते चित्र त्याला न विचारता मोबाईलच्या स्टेटसला ठेवू नका.

मुलींसाठी हे जास्तच सांगते. पोरगा चित्र काढतो तेव्हा आपण कौतुक करतो आणि पोरगी काढत बसली की "भांडी कोण घासेल?" म्हणतो. आठवड्यातून एक तास तिलाही द्या.

पुढच्या सभेला चित्र आणलंच पाहिजे असं नाही. कोणती आठवण निघाली तेवढं सांगा, पण आधी पोराला विचारून.