शिसेकाराची पेटी

इंग्लंडमधील जुन्या वस्तूंच्या बाजारात कधीकधी लाकडाचा एक भोवरा दिसतो. लाकूड पिवळसर, जड आणि घट्ट दाण्याचे. परंतु या भोवऱ्याला आर नाही, जाळी गुंडाळण्यासाठी खाचा नाहीत, आणि सपाट माथा मात्र मार खाऊन खाऊन चेचलेला असतो. विकणारा त्याला खेळणे समजतो. वास्तविक ते नळकारागिराचे अवजार असून त्याला 'टर्नपिन' असे नाव आहे. शिशाच्या नळाच्या तोंडात त्याचे टोक बसवावे, वरून मोगरीने हलके ठोके द्यावेत, प्रत्येक ठोक्यागणिक भोवरा थोडा फिरवावा. म्हणजे नळाचे तोंड न फाटता घंटेसारखे उमलते आणि त्यात दुसरा नळ बसतो.

'प्लंबर' हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून, 'प्लंबम'वरून आला. तेव्हा प्लंबर हा मुळात शिसेकार होय. स्वयंपाकघरातील कुंडीचे सांडपाणी वाहून नेणारा नळ तेथे दीर्घकाळ शिशाचाच असे. शिसे मऊ, हाताने वळणारे. पण वळवले की वळणावर चेपते. ही चेप काढण्याकरिता लाकडी 'बॉबिन' असे. दिसायला अंड्यासारखे, आणि उभे आरपार भोक पाडलेले. त्या भोकातून दोरी ओवून ते नळातून ओढले की चेप बाहेर फुगते. भोक नसते, तर फाटके मोजे रफू करताना आत धरावयाच्या लाकडी अंड्यापासून ते वेगळे ओळखता आले नसते.

पेटीतील तिसरे अवजार आजही सर्रास विकले जाते, पण रंगाऱ्याला. दांड्याला काटकोनात बसवलेले बदामी किंवा त्रिकोणी पाते असलेले हे 'शेव्हहुक' मुळात शिशाचा काळवंडलेला थर खरवडण्यासाठी होते. खरवडलेल्या जागी लगेच चरबी चोळीत, आणि जेथे डाख चिकटू द्यावयाचा नाही तेथे काजळी व सरस यांचा काळा लेप देत. मग दोन भाग शिसे व एक भाग कथील असा वितळलेला डाख सांध्यावर ओतीत. हा डाख १८३ अंशांपर्यंत उतरेपावेतो पुरता गोठत नाही. लोण्यासारखा लिबलिबीत राहतो. तेवढ्या अवधीत चरबी लावलेल्या जाड कापडाच्या घडीने त्याला पुसत पुसत गोल आकार द्यावयाचा. आपल्याकडील कल्हईवाला तापल्या भांड्यात कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो, तीच हातोटी येथे लागते. फरक इतकाच, की कल्हईवाला पातळ मुलामा चढवतो आणि शिसेकार जाड गाठ घडवतो. चांगला सांधा पाहिला म्हणजे तो यंत्रावर कातला असावा असे वाटते.

कुंडीखालच्या वळणात पाणी सदैव साठून राहते आणि गटारातील वायू घरात येऊ देत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली शौचकूपाच्या पेटंटात असे वळण दाखवले. पुढे तेच तत्त्व घरोघर कुंडीखाली आले. शिशाच्या वळणाच्या तळाशी सफाईसाठी पितळी झाकण असते, आणि घराचे नुकसान बहुधा याच झाकणापाशी होते. झाकण वर्षानुवर्षे घट्ट बसलेले. मालक पाइपपाना लावतो. डॅनियल स्टिल्सन या अमेरिकन कारागिराने १८६९ साली पेटंट घेतलेल्या या पान्याचे दात, जोर वाढेल तसे अधिक रुततात. लोखंडी नळासाठी तो गुण आहे; शिशाला मात्र तो घातक. झाकण हलत नाही, वळण पिळवटते, आणि वरचा सांधा तडकतो. जुना कारागीर आधी खाली बादली ठेवी, वळणाच्या दोन भुजांमध्ये लाकडाचा दणकट तुकडा घालून तो उलट दिशेने धरून ठेवी, आणि मगच झाकण फिरवी. हा लाकडाचा तुकडा कोणत्याही संग्रहात सापडत नाही. पेटीतील सर्वांत उपयोगी वस्तू कदाचित तीच.

कुंडीच्या तळाची पितळी जाळी काढण्यासाठीही निराळी किल्ली असते. तिची टोके वरून जाळीच्या आडव्या पट्ट्यांत अडकवून जाळी स्थिर धरावयाची आणि दुसऱ्या हाताने खालची चाकी सोडवावयाची. चिनीमातीच्या कुंडीवर जोर येऊ न देणे हे तिचे खरे काम. लांब दांड्याचा, आडव्या जबड्याचा पाना तिच्याशेजारीच सापडतो. पण तो कुंडीमागच्या नळाच्या चाकीसाठी असतो, सांडपाण्यासाठी नव्हे.

ही अवजारे हाती आली म्हणून शिशाचा नवा नळ घालू नये. शिसे विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळकामात शिशाचा नळ व डाख वापरण्यास अमेरिकेने १९८६ साली कायद्याने बंदी केली. जुना नळ खरवडताना उडणारी धूळही तितकीच वाईट. म्हणून कोरडा कागद घासू नये आणि हात धुतल्यावाचून खाऊ नये. पण जुना नळ शाबूत असेल तर तो उगाच उपटूनही काढू नये. तळाचे झाकण सोडवावे, आतला गाळ काढावा, वॉशर नवा घालावा, झाकण हाताने बसेल तितके बसवून वर थोडाच पीळ द्यावा. आणि शेवटी तांब्याभर पाणी कुंडीत ओतावे. वळण भरल्याखेरीज गटाराचा वास थांबत नाही.