डोळ्यांतील पाणी आणि पापणीतील तेल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या व्यासपीठावरून तज्ज्ञ डॉक्टरांनी बोलावयाचे, तेथे वाणिज्य शाखेचा पदवीधर असलेला एक कापड व्यापारी उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटेल. मी उपचार सांगणारा नव्हे. एका रुग्णाचा अनुभव आणि त्याच्या हातून घडलेली एक चूक, एवढेच मी आपणांपुढे ठेवणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांतून वरचेवर पाणी येऊ लागले. गल्ल्यावर बसलो असता जुनी गिऱ्हाइके विचारीत, "शेठजी, घरी सर्व ठीक आहे ना?" सकाळी पापण्यांच्या कडांवर खपल्या धरलेल्या असत. दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपे. सायंकाळी तर बिलावरील ३ आणि ८ यांतील फरक कळेनासा होई. दोन-चार वेळा पापण्या मिटल्या की आकडा पुन्हा स्पष्ट दिसे.

घरात कोणाच्या तरी उपचारातून उरलेली थेंबांची बाटली होती. ते थेंब घातले आणि दोन दिवसांत लाली ओसरली. मी हुरळून गेलो. तीच बाटली औषधाच्या दुकानातून पुनःपुन्हा आणविली. असे चार महिने चालले. अखेर नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्या थेंबांत स्टिरॉइड असल्याचे आणि माझ्या डोळ्यांतील दाब वाढल्याचे कळले. हा दाब वाढतच राहिला असता, तर काचबिंदू ठरलेला. आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब बंद केल्यावर सुदैवाने माझा दाब उतरला. सर्वांचेच दैव असे साथ देईल, याची शाश्वती नाही.

मूळ विकार होता तो डोळ्यांच्या कोरडेपणाचा आणि पापण्यांच्या कडांना आलेल्या सुजेचा. पाणी वाहते आणि विकार मात्र कोरडेपणाचा, हे कसे? डॉक्टरांनी समजावून सांगितले की, अश्रूंच्या थरावर तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. तो पाण्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेवरील सूक्ष्म ग्रंथींतून पाझरते. वरच्या पापणीत अशा सुमारे २५ ते ४०, तर खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्यांचे नाव मिळाले. तेल घट्ट होऊन ग्रंथींची तोंडे बुजली की पाणी लवकर सुकते, डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरण्यामुळेच पुन्हा पाण्याचा लोंढा येतो.

थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठते, तेव्हा आपण बाटली फोडत नाही. ती कोमट पाण्यात ठेवतो. येथेही तोच न्याय आहे. लहानपणी डोळ्यांत कण गेला की आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घाली आणि तो डोळ्यावर धरी. त्या उबेचे मोल मला साठीत उमगले.

डॉक्टरांनी मला सांगितलेला क्रम असा. प्रथम हात स्वच्छ धुवावेत. सोसवेल इतक्या गरम पाण्यात कापड बुडवून पिळावे, मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावे आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवावे. कापड दोन मिनिटांत निवते, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवावे. एकूण आठ-दहा मिनिटे शेक मिळाला पाहिजे. माझ्या व्यवसायातील एक गोष्ट सांगतो: पातळ मलमल लवकर थंड होते, टर्किश नॅपकीन ऊब अधिक काळ धरतो. मात्र नवे कापड खळ जाईपर्यंत धुवून घ्यावे आणि प्रत्येकाचे कापड स्वतंत्र असावे.

शेकानंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, अशी कडेच्या दिशेने बोटाने हलकेच चोळावी. बुबुळावर दाब देऊ नये. नंतर उकळून निवविलेल्या पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ कापसाने पापण्यांच्या मुळाशी असलेल्या खपल्या पुसून काढाव्यात. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा कापूस घ्यावा. भगिनींनी रात्री काजळ पुसल्याविना झोपू नये. संगणकावर बसणाऱ्या तरुणांनी मधून मधून पापण्या पूर्ण मिटाव्यात. टक लावून पाहताना आपण त्या मिटावयाचे विसरतो.

याचा गुण दोन दिवसांत येत नाही, काही आठवडे लागतात. आणि हा विकार मुळापासून जातो असेही नाही. एका लग्नसराईत मी तीन आठवडे हा नेम चुकविला, तर खपल्या पुन्हा हजर! रोजमेळ एक दिवस राहिला तर भरून काढता येतो. महिनाभर राहिला की हिशेब लागत नाही.

परंतु डोळा दुखू लागला, दृष्टी मंदावली, उजेड सहन होईना किंवा पू येऊ लागला, तर शेकत बसू नये. तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर आपापले औषधांचे कपाट उघडा आणि दुसऱ्याच्या नावे आलेली, जुनी, उघडलेली डोळ्यांच्या थेंबांची बाटली आढळली, तर ती टाकून द्या. माझ्या चुकीतून एका जरी घरचा डोळा वाचला, तरी आज मला येथे उभे केल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.