नव्या फोनची वीज कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



फोन वाजतो, आपण उचलतो, बोलतो आणि ठेवून देतो. त्या फोनला लागणारी वीज येते कुठून, हा प्रश्न तारेच्या फोनच्या काळात कुणाला पडला नाही. पडायचं कारणच नव्हतं. आता तारेचा फोन काढून इंटरनेटवर चालणारा फोन घराघरांत येतो आहे आणि हा न पडलेला प्रश्न एकदम महत्त्वाचा झाला आहे. आमच्या जिवतीसारख्या डोंगरी तालुक्यात तर फारच. म्हणून आज त्याविषयीच बोलू या.

जिवती तालुका चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला, माणिकगडच्या डोंगरावर आहे. खाली गडचांदूर आणि राजुरा, पलीकडे तेलंगणा. इथले मूळचे रहिवासी कोलाम आणि गोंड. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे नांदेड, लातूर, परभणीकडची पुष्कळ कुटुंबं इथं येऊन स्थिरावली. त्यामुळे इथल्या अनेक घरांचे सोयरे दोन-तीनशे किलोमीटरवर. लग्न ठरलं, कुणी गेलं, पाऊस झाला की नाही झाला, सगळं फोनवर. एस.टी.डी. बूथच्या पिवळ्या पाटीखाली नंबर लागायची वाट पाहत बसलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना फोनची किंमत वेगळी सांगायला नको.

खेड्यात फोन पोचला त्यालाही इतिहास आहे. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. खेड्यासाठी लहान एक्स्चेंज बनवायचं, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, उन्हाळ्यात आणि धुळीत चालेल असं, हे तिचं काम. तिनं बनवलेलं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला सुरू झालं आणि पुढं तशी हजारो एक्स्चेंज देशभर बसली. २००६ च्या सुमारास देशात तारेचे फोन पाच कोटींच्या घरात होते. मग मोबाइल आला आणि हा आकडा घसरत २०२० मध्ये दोन कोटींच्या आसपास आला. गंमत अशी, की त्यानंतर तो पुन्हा वाढू लागला आणि २०२४ पर्यंत तीन कोटींच्या वर गेला. मात्र ही वाढ तांब्याच्या तारेची नव्हे. ती फायबरची, म्हणजे इंटरनेटसोबत येणाऱ्या घरच्या फोनची आहे.

या दोन फोनांत फरक काय, तो समजून घेऊ.

जुन्या फोनला दोन बारीक तांब्याच्या तारा. त्या थेट एक्स्चेंजपर्यंत गेलेल्या. एक्स्चेंजच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग असते. तिथून ४८ व्होल्टची वीज त्याच तारांवरून आपल्या घरातल्या फोनला मिळते. घंटी वाजवायची वेळ आली की एक्स्चेंज थोडा वेळ ७५ ते ९० व्होल्ट पाठवतं. म्हणजे हा फोन आपली शिदोरी सोबत घेऊन येणारा पाहुणा होता. घरात दिवे नसले तरी तो चालायचा. अंधारात चाचपडत रिसीव्हर उचलला तरी डायलटोन यायचा.

नवा फोन तसा नाही. आपला आवाज तो सेकंदाला आठ हजार वेळा मोजतो, त्याचे आकडे करतो आणि त्या आकड्यांची पाकिटं बांधतो. साधारण एका सेकंदाची पन्नास पाकिटं. प्रत्येक पाकिटावर पत्ता. टपालासारखी ती जाळ्यातून सुटी सुटी जातात आणि पलीकडे पुन्हा क्रमानं लावली जातात. एखादं पाकीट उशिरा आलं तर ते टाकून दिलं जातं. म्हणून कधी शब्द तुटतो. बोलणं पलीकडे पोचायला सेकंदाच्या सातव्या हिश्शाहून जास्त वेळ लागू लागला, की दोघं एकदमच बोलू लागतात आणि दोघंही थांबतात. चांगल्या फायबरवर मात्र हा त्रास होत नाही. उलट पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरून जी खरखर तारेवर यायची, ती इथं नसते.

पण हे सगळं काम करणारी पेटी आपल्या घरात असते आणि ती आपल्या घरच्या विजेवर चालते. काचेच्या धाग्यातून उजेड जातो, वीज जात नाही. घरची लाइट गेली की पेटी बंद, पेटी बंद की फोन मुका. पाहुणा आता शिदोरी आणत नाही, ती आपणच द्यायची.

शहरातला माणूस म्हणेल, मोबाइल आहे ना! श्रोते हो, आमच्याकडे मोबाइलही टॉवरच्या बॅटरीवर जगतो. वादळात झाड पडलं, विजेची लाइन तुटली, की पहिले काही तास टॉवर चालतो. नंतर तोही झोपतो. नेमकी तीच वेळ साप चावण्याची, बाळंतपणाची, घाटात गाडी उलटण्याची असते. गडचांदूर किंवा राजुऱ्याचं रुग्णालय गाठायचं तर घाट उतरावा लागतो. तिथं गाडी कधी निघाली यावर माणूस हाती लागणं, न लागणं ठरतं. गाडी निघते ती १०८ ला फोन लागला तर.

हा प्रश्न एकट्या जिवतीचा नाही. ब्रिटनमध्ये तारेच्या फोनचं जुनं जाळं २०२५ च्या अखेरीस बंद करायचं ठरलं होतं. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या घरात मदतीसाठी दाबायचं बटण असतं, ते फोनच्या तारेवर चालतं. त्यांचं काय, हा प्रश्न उभा राहिला आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवावी लागली. तिथल्या नियामकानं कंपन्यांना सांगितलं आहे, की ज्यांना दुसरा आधार नाही त्यांना लाइट गेल्यावर निदान एक तास तरी मदतीचा फोन करता आला पाहिजे. एक तास! आमच्याकडे पावसाळ्यात लाइट एका तासात आली, तर तिला लाइट गेली असं कुणी म्हणत नाही.

मग नवा फोन नाकारायचा का? नाही. या नव्या फोनमध्ये एक मोठा गुण दडलेला आहे. फायबरच्या वाटेवर, एक्स्चेंजपासून घरापर्यंत, पुष्कळदा मध्ये वीज लागतच नाही. फांद्या फुटतात त्या जागी बसवलेले काचेचे विभाजक विजेशिवाय चालतात आणि वीस किलोमीटरपर्यंत उजेड पोचतो. म्हणजे त्या टोकाला एक्स्चेंजची बॅटरी आणि या टोकाला आपली बॅटरी, एवढ्यावर फोन जागा राहू शकतो. दोन्हीकडचे टॉवर झोपले तरी.

हिशेब सोपा आहे. घरातली पेटी बहुधा १२ व्होल्टवर चालते आणि साधारण दहा वॉट खाते. बारा व्होल्टची सात अँपिअर-अवरची लहान बॅटरी कागदावर ८४ वॉट-तास देते. म्हणजे आठ तास. प्रत्यक्षात पाच-सहा धरा. सोबत लहान सौर पॅनेल असेल तर दिवसा ती पुन्हा भरते. आमच्या घरी तारेचा फोन गेला आणि फायबरचा आला, तेव्हा मी पहिलं काम हेच केलं. त्याच पावसाळ्यात दोन दिवस लाइट नव्हती. पहिल्या दिवशी दुपारीच मोबाइलची रेंज गेली. रात्री शेजारच्या सूनबाईंना कळा सुरू झाल्या आणि आजी कंदील घेऊन आमच्या दारात आल्या. “भाऊ, तुमचा फोन लागतो का?” फोन लागला. गाडीला यायला वेळ लागला, पण ती आली. बॅटरीची किंमत त्या रात्री वसूल झाली.

आता एक घोटाळा दूर करतो. इंटरनेटवरून बोलणं दोन प्रकारचं आहे. एक मोबाइलमधल्या ॲपवरचं, व्हॉट्सॲपसारखं. नांदेडच्या बहिणीशी चेहरा पाहून बोलायला ते उत्तम. पण त्यावरून १०८ किंवा ११२ लागत नाही. दुसरा प्रकार परवानाधारक कंपनीनं नंबर देऊन बसवलेल्या घरच्या फोनचा. आपल्या देशात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित मुभा मिळाली. इंटरनेटवरून देशातल्या साध्या फोनवर बोलण्याची वाट मोकळी झाली ती २०१८ मध्ये. तेव्हा घरातला तारेचा फोन काढताना “इंटरनेट आहेच की” म्हणून ॲपवर विसंबू नका. नंबर असलेला फोन घ्या.

हद्दीवरच्या गावांना याचा आणखी एक उपयोग. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही राज्यं ज्यांच्यावर हक्क सांगतात ती चौदा गावं आमच्याच तालुक्यात आहेत. दोन राज्यांची रेशनकार्डं, मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, सगळं दुहेरी. मोबाइलही कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा. ११२ लावला तर टॉवर ज्या राज्याचा, त्या राज्याच्या केंद्रात तो जाण्याची शक्यता असते. घाबरलेल्या कोलाम म्हाताऱ्यानं तेव्हा कोणत्या भाषेत पत्ता सांगायचा? घरच्या फोनला मात्र ठाव असतो. तो हलत नाही, त्याचा पत्ता कंपनीच्या दप्तरी असतो.

तेव्हा तांब्याची तार काढायला माणूस येईल त्या दिवशी काही गोष्टी विचारून घ्या. जुना नंबर राहणार का? मोबाइलप्रमाणे घरच्या फोनचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याची सोय आपल्याकडे नाही. त्याच कंपनीत फायबर घेत असाल तर नंबर ठेवण्याचं लेखी मागा. फायबर थेट एक्स्चेंजमधून येतं, की मध्ये कुणाच्या दुकानात यंत्र बसवलं आहे? तसं असेल तर त्या दुकानातली बॅटरी किती तास चालते, तेही विचारा. साखळीतली सगळ्यांत दुबळी बॅटरी तीच आपली बॅटरी. फोनचं यंत्र साधं, वायरचं ठेवा. कॉर्डलेसला पुन्हा वेगळी वीज लागते. आणि १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवा. फोनशेजारी कागदावर लिहून ठेवलंत तर उत्तम.

दुरुस्तीचाही विचार हवा. तांब्याची तार तुटली तर लाइनमन पक्कड घेऊन यायचा, पीळ देऊन जोडायचा. काचेचा धागा वितळवून जोडावा लागतो. त्याचं यंत्र महाग, ते चालवणारा माणूस शिकलेला लागतो. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल उखडली, की तो माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत, हा प्रश्न आमच्या तालुक्यात फोनइतकाच मोठा आहे. डोंगरावरच्या दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना हे काम शिकवलं, तर त्यांना इथंच रोजगार मिळेल आणि फोनही लवकर जागा होईल.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराला बॅटरी आणि पॅनेल परवडणार नाही. कोलामगुड्यावरच्या घराला तर फोनच परवडणार नाही. पण ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तीच आज भारतनेट. जिथं ते फायबर पोचून चालू आहे, तिथं पंचायतीच्या ओसरीवर, कुलपाच्या बाहेर, एक साधा फोन बसवावा. सौर पॅनेल आणि चांगली बॅटरी लावून. त्यावरून १०८ आणि ११२ फुकट लागावेत, रात्री-बेरात्री कुणालाही. पिवळ्या पाटीचा बूथ गेला, तो धंदा म्हणून गेला. गरज म्हणून तो गेलेला नाही. ग्रामसभेत हा विषय मांडायला पैसे पडत नाहीत. पुढच्या पावसाळ्याच्या आत एवढं जरी झालं, तरी कंदील घेऊन निघालेल्या आजीला कुठं जायचं ते ठाऊक असेल.