आरती घरोघरी : थेट प्रक्षेपणाची तयारी



आपल्या बिदर-कलबुर्गीची मुलं नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला आहेत. इथल्या ज्येष्ठांना जिने चढवत नाहीत. दोघांनाही आरती दिसावी, म्हणून हे चार शब्द.

कॅमेऱ्याची एचडीएमआय वायर एन्कोडर नावाच्या पेटीत जाते. पेटी चित्र दाबून लहान करते आणि नेटवर्कवर सोडते. स्वच्छ चित्राला साधारण ४ एमबीपीएस लागतात. आपल्याच पेटीवरून ५० घरांनी पाहिलं, तर २०० एमबीपीएस अपलोड हवा. तो आणायचा कुठून? म्हणून बाहेरगावासाठी एकच प्रवाह यूट्यूबला द्यावा. पुढचं वाटप त्यांचा सर्व्हर करतो. तळमजल्यावरच्या टीव्हीला मात्र लॅन केबलने थेट पेटीतून जोडावं. इंटरनेट गेलं तरी ज्येष्ठांची आरती थांबत नाही.

तीन पथ्यं पाळा : वायफायऐवजी केबल; पेटी, राउटर दोन्हींना यूपीएस; आवाज कॅमेऱ्याच्या माइकचा नको, मिक्सरचा घ्या. चित्र क्षणभर अडखळलं तरी चालेल. पण कन्नड-इंग्रजीत शिकणाऱ्या आपल्या नातवंडांच्या कानांवर वर्षातून दहा दिवस पडणारी मराठी तुटता कामा नये.

गणपती बाप्पा मोरया!