वाहन तसे इंधन



गळीत हंगामात निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर घटकाभर उभे राहिले, तर वाहतुकीचे अनेक प्रकार एकाच वेळी दृष्टीस पडतात. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पुणे-बेंगळूर मार्गावरील मालमोटारी, प्रवाशांनी भरलेल्या एस. टी. गाड्या आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या दुचाकी! प्रत्येकीचे काम निराळे आणि इंजिनही निराळे. म्हणूनच शासनाच्या धोरणात सर्व वाहनांना एकच इंधन सुचविलेले नाही. हे धोरण सीमाभागातील शेतकऱ्याला परके नाही. कारण त्यातील एक इंधन त्याच्याच शेतात उगवते.

खनिज तेल जळते तेव्हा कोट्यवधी वर्षे भूगर्भात दडलेला कार्बन हवेत मिसळतो. उसापासून केलेले इथेनॉल जळते तेव्हा मात्र उसाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच परत हवेत जातो. अर्थात खते, पाण्याचे पंप आणि ऊसवाहतूक यांसाठी लागणारी ऊर्जाही हिशेबात धरली पाहिजे. यास्तव इथेनॉलला कार्बनरहित नव्हे, तर अल्पकार्बन इंधन म्हणणे उचित ठरते.

दुचाकी व मोटारगाड्यांसाठी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या प्रयोगाशी या परिसराचा जुना संबंध आहे. सन २००१ मध्ये देशात जे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतील एक शेजारच्या मिरजेस झाला. सन २००३ मध्ये कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा यांसह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू करण्यात आले. त्यानंतर अनेक वर्षे गती मंदच राहिली. सन २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर मात्र कामास वेग आला. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये हे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले.

यातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? साखर गोदामात पडून राहिली की कारखान्याचा पैसा अडकतो आणि उसाची बिले रखडतात. कायद्याने बिल चौदा दिवसांत मिळावयास हवे. परंतु ही मुदत नेहमीच पाळली जाते असे नाही. तेल कंपन्यांना विकलेल्या इथेनॉलमुळे कारखान्याच्या हाती उत्पन्नाचे दुसरे साधन येते. या योजनेचे यश अखेर उसाचे बिल वेळेवर मिळते की नाही, यावरूनच मोजले जाईल.

वाहनधारकांच्या शंकाही रास्त आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार वीस टक्के मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या मोटारगाड्यांची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी व दुचाकींची तीन ते चार टक्क्यांनी घटू शकते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या वेळोवेळी तपासून घ्याव्यात. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून आपल्याकडील पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असावे व गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये.

एस. टी. गाड्या व मालमोटारी डिझेलवर धावतात. डिझेलमध्ये २०३० पर्यंत पाच टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. करंजाच्या बिया व उपाहारगृहांतील वापरलेले खाद्यतेल यांपासून ते करता येते. साखर कारखान्यातील प्रेसमड व गावातील शेण यांपासून वायू मिळवून तो वाहनांसाठी वापरण्याची योजना केंद्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या बसगाडीला विजेची बॅटरी सोयीची. कारण ती सायंकाळी आगारात परत येते. घाट चढून लांब पल्ल्यावर जाणाऱ्या मालमोटारीला मात्र बॅटरीचे वजन व चार्जिंगचा वेळ आजही अडचणीचा ठरतो.

रेल्वेची वाट वेगळी आहे. तिला डोक्यावरील तारांतून वीज मिळते. तथापि देशातील बरीचशी वीज अद्याप कोळशापासून तयार होते. म्हणून रेल्वे खऱ्या अर्थाने अल्पकार्बन व्हावयाची, तर वीजही सूर्य व वारा यांपासून मिळाली पाहिजे. विमानाला मोठ्या बॅटरीचे वजन झेपत नाही. त्याला द्रवरूप इंधनच लागते. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशी जैवइंधनाचे अल्प मिश्रण वापरण्यात आले.

आता पाण्याविषयी. नीती आयोगाच्या त्याच अहवालात म्हटले आहे की, एक टन उसापासून सुमारे सत्तर लिटर इथेनॉल मिळते आणि एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. हे पाणी वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी व घटप्रभा याच नद्यांचे आहे. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर साखर कमी पडण्याच्या भीतीने केंद्र शासनास उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर काही काळ निर्बंध घालावे लागले. त्यानंतर मक्याचा वाटा वाढला, तशी कोंबडीखाद्याच्या मक्यालाही ओढ लागली. शेतातून इंधन घेताना पाणी, अन्न व चारा यांचा हिशेब सुटत नाही, हाच याचा बोध होय.

म्हणून ऊस वाढविण्यापूर्वी ठिबक सिंचन वाढवावे आणि नवे पीक वाढविण्याआधी प्रेसमड, शेण, वापरलेले तेल यांसारख्या टाकाऊ पदार्थांकडे वळावे. ग्रामपंचायतींनी गावातील शेणाची व कचऱ्याची नोंद ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील वाहनांची व त्यांना लागणाऱ्या इंधनाची मोजणी करून घ्यावी. अधिकाऱ्यांनी लोकांच्या शंकांना साध्या भाषेत उत्तरे द्यावीत. वाहन पाहून इंधन निवडावे आणि विहिरीची पातळी पाहून पीक निवडावे. या दोन गोष्टींचा मेळ बसला, तर सीमाभागातील ऊस देशाची वाहने चालवील आणि विहिरीत पुढच्या पिढीसाठी पाणीही राहील.