फुरसुंगीचं पोरगं आणि आमची दंडाची पेटी

  आज कर्ज, हप्ता, पासबुक यातलं काही नाही. आज गोष्टीच्या पुस्तकांबद्दल बोलायचंय. पण सुरुवात दंडाच्या पैशापासूनच करावी लागेल.

बैठकीला उशीर झाला की आमच्या गटात दहा रुपये दंड. दोन वर्षांत दंडाचे सोळाशे चाळीस रुपये जमले. त्यातनं बैठकीसाठी सतरंजी घ्यायची असं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात आमच्यातली एक ताई म्हणाली, "माझी पोरगी सातवीत आहे. धडा घडाघडा वाचते, पण काय वाचलंस विचारलं की गप्प." दुसरी म्हणाली, आमच्याकडं पण तेच. तिसरीचंही तेच. बोलता बोलता सतरंजी मागं पडली आणि पुस्तकं घ्यायचा ठराव झाला. एका मावशींनी मात्र विरोध केला. "पोरं अभ्यास सोडून गोष्टी वाचतील. नापास झाली तर गट फी भरणार का?" त्यांचं म्हणणं आम्ही प्रोसिडिंगमध्ये जसंच्या तसं लिहिलं.

पहिल्या खेपेला आम्ही आणली थोरांची चरित्रं, सुविचार आणि सामान्यज्ञान. मुलांना काय आवडतं हे एकाही मुलाला विचारलं नाही. पुस्तकं खजिनदार ताईंच्या लोखंडी कपाटात, कुलपात. चार महिन्यांत तीन बाहेर गेली. त्यातलं एक भाषण स्पर्धेसाठी, तेही मुलाच्या वडलांनी नेलं.

मग तालुक्याच्या पुस्तक प्रदर्शनात उरलेल्या पैशात फास्टर फेणेची सहा पुस्तकं घेतली. तुमच्यापैकी काहींना तो आठवत असेल. 1987 साली दूरदर्शनवर त्याची मालिका लागायची, आणि 2017 मध्ये सिनेमाही आला. हा बनेश फेणे म्हणजे पुण्याजवळच्या फुरसुंगीचं पोरगं. काडीसारखा बारीक, शिकायला पुण्यात, बुडाखाली सायकल, आणि तोंडानं 'ट्टॉक्' असा आवाज काढायची सवय. त्याला लिहिलं भा. रा. भागवतांनी. भागवत 1910 साली जन्मले, 2001 साली गेले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या साहसकथाही त्यांनीच मराठीत आणल्या. फेणेची वीसेक पुस्तकं आहेत. कुठं तो प्रतापगडावर असतो, कुठं गुलमर्गला.

आता ही मालिकेची पुस्तकं पोरांना का धरून ठेवतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. ज्याला वाचन जड जातं त्याला प्रत्येक नवं पुस्तक म्हणजे नवा डोंगर. कोण माणसं, कुठलं गाव, कळेपर्यंतच तो दमतो. मालिकेत ती चढण एकदाच चढायची. दुसऱ्या पुस्तकात फेणे ओळखीचा, त्याची सायकल ओळखीची, म्हणून पोरगं थेट गोष्टीत शिरतं. टीव्हीवरच्या मालिकेचं आपलं तरी दुसरं काय असतं? शिवाय प्रकरण संपतं तेच अशा जागी, की पुढचं पान उलटल्याशिवाय राहवत नाही. त्या सहा पुस्तकांसाठी आमच्याकडं भांडणं झाली. नाव लिहायला वही करावी लागली. जो मुलगा कधी वर्गात तोंड उघडत नव्हता तो हौदापाशी उभा राहून बाकीच्यांना गोष्ट सांगायला लागला.

आणि इथंच आमच्याकडनं चूक झाली. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर पूर्ण किंमत भरायची, असा नियम आम्ही केला. गटाची सवयच ती. पावसाळ्यात एक मुलगी यायची एकाएकी बंद झाली. सहावीतली, सगळ्यांत आधी वाचून संपवणारी. आम्हाला वाटलं, कंटाळली असेल. तीन महिन्यांनी कळलं, घर गळत होतं, पुस्तक भिजलं, आणि तिनं ते पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली लपवलं होतं. आई रोजंदारीवर जाते. एका पुस्तकाची किंमत म्हणजे त्या घरात निम्म्या दिवसाची मजुरी. पोरीनं आईला सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं नाही, आणि वाचणंच सोडून दिलं.

त्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. दंडाच्या पैशातून पुस्तकं आणायची आणि दंडाच्या भीतीनं पोर घालवायची, हे आमचंच काम. शेवटी विरोध करणाऱ्या त्याच मावशी उठल्या. भिजलेलं पुस्तक घरी नेलं, पानापानात वर्तमानपत्र घातलं, वर ज्वारीचा डबा ठेवला. आठ दिवसांनी परत आणलं. पानं फुगलीत, पण वाचता येतंय. पुस्तकाचा दंड त्याच दिवशी रद्द केला. कपाटाचं कुलूपही काढलं. तेव्हापासून दोन पुस्तकं खरंच हरवली. हरवू देत. ती मुलगी मात्र लगेच आली नाही. दिवाळीनंतर आली.

तिनंच एकदा विचारलं, "यात सगळे पराक्रम मुलंच का करतात?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. फेणे आम्हाला आवडतो, पण पोरीचं म्हणणं खोटं नाही. तिला आम्ही हॅरी पॉटरबद्दल सांगितलं. मराठीतही ती पुस्तकं मिळतात. हॅरी मुलगाच, पण बरोबरची हर्मायनी हुशारीत त्याच्या पुढं. लिहिणारी इंग्लंडमधली बाई, जे. के. रोलिंग. नवऱ्यापासून वेगळी झालेली, तान्ही मुलगी पदरात, सरकारी मदतीवर घर चालायचं, तेव्हा ती हे लिहीत होती. 1997 साली पहिलं पुस्तक आलं. बाईचं नाव पाहून मुलगे पुस्तक घेणार नाहीत, अशी भीती वाटून प्रकाशकांनी तिला पूर्ण नावाऐवजी नुसती आद्याक्षरं वापरायला सांगितली. हे ऐकून आमच्या तायाच पोरींपेक्षा जास्त चिडल्या.

एक गोष्ट रेडिओवरूनच सांगायला हवी. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आधी आकाशवाणीवर आला, पुस्तकं नंतर झाली. म्हणून ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मागं राहू नये. आमच्याकडं दोघी आज्या रोज संध्याकाळी नातवंडांकडून वाचून घेतात. नातू अडखळला की आजी ओरडते, "पुढं काय, पुढं काय!" त्या ओरडण्यानं त्याचं वाचन सुधारलं, शाळेनं नाही, असं त्याची आई म्हणते. आम्हाला ते पटतं.

ज्या गटांकडं पैसे नाहीत त्यांनी आधी गावातलं सार्वजनिक वाचनालय पाहावं. आपल्या राज्यात ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे आणि मान्यता असलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. तिथं मुलांची पुस्तकं आहेत का, कपाट कधी उघडतं, हे चार बायकांनी जाऊन विचारायला काय हरकत? आणि शेजारच्या गटाशी अदलाबदल करा. आम्ही सहा दिली, सहा घेतली, दोन्हीकडं बारा झाली.

मावशींचं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. परीक्षेच्या महिन्यात पुस्तकं द्यायची नाहीत, असं त्या म्हणतात, आणि त्यावर पुढच्या बैठकीत चर्चा आहे. सतरंजी अजून घेतलेली नाही. पोत्यांवरच बसतो.